आधी घर, मग बाकी सगळं

अमेरिकेत दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत एक रात्र ठरवतात आणि त्या रात्रीचा हिशोब धरून देशभरातल्या बेघरांची मोजदाद होते. पुलाखाली, बंद दुकानांच्या वळचणीला, गाड्यांमध्ये, निवाऱ्यांमध्ये झोपलेली माणसं मोजतात. विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही कधी सैन्यात होता का? २०१० साली या प्रश्नाला 'हो' म्हणणारे ७४,०८७ जण निघाले. २०२४ मध्ये ते ३२,८८२ होते. निम्म्याहूनही कमी. आणि त्याच २०२४ मध्ये बेघरांचा एकूण आकडा ७,७१,४८० वर गेला होता, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा.

मी ह्यूस्टनला राहते आणि हे दोन आकडे जिथे विषय निघेल तिथे सांगते. 'ही माणसं सुधारायचीच नाहीत', 'त्यांना रस्त्यावरच राहायचं असतं' असं म्हणणारे मला आपल्या मराठी मंडळींतही भेटतात. त्यांना द्यायला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. देश तोच, घरभाडी तीच, दारू तीच, आजार तेच. तरी एका गटाचा बेघरपणा निम्म्यावर आला. तो कसा आला हे मी इथल्या एका संस्थेत शनिवार-रविवार हातभार लावताना थोडंफार जवळून पाहिलं. ते काम वाटतं तितकं भावनेचं नाही. बरंचसं कागदांचं, फोनचं आणि ताटकळण्याचं आहे. म्हणूनच ते जमण्यासारखं आहे.

मूळची मी सातारा जिल्ह्यातली. आमच्यापासून अपशिंगे फार लांब नाही. ज्याला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक ज्या गावात आहे, ते. आमच्या भागात फौजी ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हती. माझे थोरले चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून आले, काळी ट्रंक ओसरीवर टेकवली, आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले. पुढे एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी केली. त्यांनाही रात्री झोप लागायची नाही, तेही कधीकधी आठ-आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. पण घर होतं, त्यात भावकी होती, महिन्याच्या महिन्याला पेन्शन होती. ते न बोलता ओसरीवर बसले तरी ताट वेळेवर समोर यायचं. त्यामुळे इथे आल्यावर चौकातल्या सिग्नलपाशी 'माजी सैनिक, मदत करा' असं लिहिलेला पुठ्ठा धरून उभा असलेला माणूस पहिल्यांदा दिसला, तेव्हा मला ते खरंच वाटेना. फौजी आणि बेघर हे माझ्या डोक्यात एकत्र बसणारंच नव्हतं.

नंतर कारणं कळत गेली. आपल्याकडे शिपाई म्हणून भरती झालेला पंधरा वर्षं काढून पेन्शन घेऊन येतो, निदान आमच्या वेळी तरी येत होता. अमेरिकेत निवृत्तिवेतनासाठी साधारण वीस वर्षं काढावी लागतात, आणि बहुतेक जण चार-सहा वर्षांचा पहिला करार संपला की बाहेर पडतात. अठराव्या वर्षी घर सोडलेलं पोर बावीस-चोविसाव्या वर्षी बाहेर येतं तेव्हा त्याच्यापाशी पेन्शन नसते. ज्या घरातून ते गेलं ते घरही पुष्कळदा राहिलेलं नसतं. कुणाचे आईबाप वेगळे झालेले, कुणी मुळात घरातून सुटायलाच भरती झालेलं. तोवर जेवण, निवारा, कपडे, डॉक्टर हे सगळं पलटणीने पाहिलेलं. भाडेकरार कधी केलेला नाही, विजेचं बिल कधी भरलेलं नाही. युद्धाच्या जखमा, मनाचे आजार, व्यसन हे आहेच, त्याला कमी लेखायचं नाही. पण तेवढ्यानेच कुणी रस्त्यावर येत नाही. ते सगळं असून ज्याच्या पाठीशी घर आणि माणसं आहेत तो माझ्या चुलत्यांसारखा ओसरीवर बसतो. ज्याच्यामागे कुणी नाही तो पुलाखाली जातो.

(अग्निवीर योजना आली तेव्हा मला पहिल्यांदा याच पोरांची आठवण झाली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये आणि निरोप. आपल्या पोरांच्या मागे अजून गाव आहे, घर आहे, हे खरं. पण गावातली घरंही आता पूर्वीसारखी भरलेली राहिलेली नाहीत. ज्यांच्या हाती धोरण आहे त्यांनी इथल्या अनुभवाकडे एकदा नीट बघावं असं मला मनापासून वाटतं.)

अमेरिकेने आपल्या सैनिकांना नेहमीच डोक्यावर घेतलंय असंही नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल केला, पण तो मिळायचा होता १९४५ मध्ये. मंदी आली, लोक उपाशी मरायला लागले, आणि १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसकट वॉशिंग्टनला येऊन अॅनाकोस्टिया नदीकाठच्या पटांगणात पत्र्या-पुठ्ठ्यांच्या झोपड्या बांधून राहिले. आमचे पैसे आत्ता द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हुसकावलं. झोपड्या जळून खाक झाल्या. पैसे मिळाले ते १९३६ मध्ये. या नामुष्कीचा धडा म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाला आणि घराच्या कर्जाला आधार देणारा जीआय बिलचा कायदा आला. आज अमेरिकी मध्यमवर्ग म्हणून जो ओळखला जातो तो बराचसा या कायद्याने उभा केला. पण कर्जाची हमी सरकारची असली तरी कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवणार होती. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांची पाहणी झाली. ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जं किती? दोन. आज सगळ्या माजी सैनिकांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण साधारण आठात एक आहे, आणि बेघर माजी सैनिकांत तीनात एक. ज्यांच्या आजोबांना घर घेऊ दिलं नाही, त्यांच्या नातवाला अडचणीत परत जायला घर नसतं. हिशोब इतका सरळ आहे.

आता सार्जंटबद्दल सांगते. आम्ही सगळे त्याला सार्जंटच म्हणायचो, आणि त्याची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. १९९१ च्या आखाती युद्धात तो लष्कराचे ट्रक चालवायचा. बाहेर आल्यावरही ट्रकच चालवले. पाठीने दगा दिला, नोकरी गेली, भाडं थकलं, न्यायालयात घर खाली करण्याचा हुकूम झाला. मग आपल्या पिकअप गाडीत राहू लागला. दिवसा गाडी ग्रंथालयाबाहेर, रात्री चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या आवारात. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये बंद गाडीत झोपणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. त्याचं दाढीचं सामान मात्र एका झिपच्या पिशवीत जागच्या जागी असायचं आणि बुटांना रोज पॉलिश.

त्याला घर मिळण्यात पहिली अडचण कुठली आली असेल? पाकीट चोरीला गेलं होतं. ओळखपत्र नाही. ओळखपत्रासाठी जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथल्या सरकारी क्रमांकाचं, कार्ड हवं. जन्मदाखला लुइझियानातून मागवायचा, तर अर्जासोबत ओळखपत्राची प्रत जोडा. कार्ड हवं तर ओळखपत्र दाखवा. आणि हे सगळं टपालाने येणार, तर पत्ता काय द्यायचा? संस्थेचा पत्ता वापरायचा हे मला तिथेच कळलं. सैन्यात होतो हे सिद्ध करणारा डीडी-२१४ नावाचा कागद असतो, सैन्यातून सुटण्याच्या दिवशी हातात ठेवतात तो. त्याच्यावरच सगळं अवलंबून: कधी गेला, कधी आला, सन्मानाने सुटला की नाही. तो हरवला तर नोंदी सेंट लुईसच्या सरकारी दफ्तरखान्यात शोधायच्या. १२ जुलै १९७३ ला तिथे आग लागली होती आणि एक कोटी साठ लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. १९६० पूर्वी सुटलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्या आगीमुळे पुढे आयुष्यभर 'मी सैनिक होतो' हे सिद्ध करत बसावं लागलं. सार्जंट त्यानंतरचा, त्यामुळे त्याची नोंद माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, संगणकावर चटकन सापडली. अडलं होतं ते साध्या ओळखपत्रापाशी.

हे कागद गोळा करायला त्याच्यासारख्याला एकट्याने महिनेच्या महिने लागतात, आणि मध्येच माणूस नाद सोडतो. मीही सोडला असता. सोबत कुणी असेल तर काम होतं. माझं काम तेवढंच होतं: गाडीने घेऊन जायचं, रांगेत थांबायचं, खिडकीवरचा माणूस 'हे चालणार नाही' म्हणाला की 'मग काय चालेल ते लिहून द्या' म्हणायचं. सार्जंट रांगेत ताठ उभा राहायचा, खुर्ची रिकामी असली तरी बसायचा नाही. खिडकीवर आवाज चढला की मात्र तो एकदम मागे सरकायचा, 'जाऊ दे, चला' म्हणायचा. त्या क्षणी तो निघून गेला असता तर सरकारी भाषेत 'सेवा नाकारली' अशी नोंद झाली असती. 'त्यांना रस्त्यावरच राहायचं असतं' या समजाचा उगम बऱ्याचदा अशा खिडक्यांपाशी आहे.

कागद झाले की व्हाउचर. एचयूडी-व्हॅश नावाची योजना आहे. १९९२ मध्ये लहान प्रमाणात सुरू झाली आणि २००८ पासून मोठी झाली. घरबांधणी खातं भाड्याचं व्हाउचर देतं आणि व्हीए सोबत एक केस मॅनेजर, म्हणजे त्या माणसाचा पाठपुरावा करणारा कर्मचारी, देतं, ही त्यातली खुबी. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के वाटा भरायचा, वरचं भाडं सरकार थेट घरमालकाला देणार. महिन्याला नऊशे डॉलर येत असतील तर माणसाच्या वाट्याला पावणेतीनशेच्या आसपास भाडं येतं. २०११ पासून दुसरीही एक योजना चालते, जिच्यातून अनामत रक्कम, थकलेलं भाडं, सामान हलवण्याचा खर्च असं तातडीचं भागतं. कुणी अजून घरात आहे पण महिन्याभरात रस्त्यावर येणार, अशालाही ती धरून ठेवते. माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा पैसा तोच.

पण व्हाउचर म्हणजे घर नव्हे. घरमालकाने 'हो' म्हणायला हवं. सार्जंटबरोबर मी एका अपार्टमेंटच्या कार्यालयात गेले होते. बाहेर 'घरं उपलब्ध' असा फलक. टेबलावर चॉकलेटं, भिंतीवर पोहण्याच्या तलावाचा फोटो. त्या मुलीने हसून बसायला सांगितलं, पाणी दिलं, आधी अर्जाचे पैसे सांगितले, मग उत्पन्न विचारलं. व्हाउचरचं नाव निघताच म्हणाली, आमच्याकडे सध्या काहीच रिकामं नाही. फलक खिडकीतून दिसत होता. सार्जंट उठला, 'थँक यू, मॅम' म्हणाला आणि निघाला. मला राग आवरेना. पण टेक्ससमध्ये व्हाउचर घ्यायचं की नाही हे घरमालकाच्या मर्जीवर आहे. शहरांनी तशी सक्ती करू नये असा कायदाच राज्याने २०१५ मध्ये केला. माजी सैनिकांपुरता नियम करायची मोकळीक तेवढी त्यात ठेवली आहे. त्याशिवाय प्रत्येक ठिकाणी क्रेडिटची, म्हणजे आर्थिक पत कशी आहे याची तपासणी, आणि जुना घर खाली करण्याचा हुकूम कायम नोंदीत. व्हाउचरलाही मुदत असते. मुदतीत घर सापडलं नाही तर ते परत जातं. 'घर पाहावं बांधून' ही आपली म्हण. इथे ते भाड्याने मिळवून पाहिलं तरी पुरे.

मग ह्यूस्टनने हे साधलं कसं? साडेतीन वर्षांहून कमी वेळात साडेतीन हजारांवर माजी सैनिकांना घरं दिल्यावर, जून २०१५ मध्ये महापौर अॅनिस पार्कर यांनी शहरातला माजी सैनिकांचा बेघरपणा संपल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जानेवारीत न्यू ऑर्लीन्सने तसंच जाहीर केलं होतं. संपला याचा अर्थ एकही जण रस्त्यावर नाही असा नव्हे. कुणी रस्त्यावर आलाच तर त्याला लवकरात लवकर घरात नेता येईल अशी व्यवस्था उभी आहे, असा त्याचा अर्थ. त्यामागे काही जादू नाही. पूर्वी डझनावारी संस्था आपापली यादी, आपापला फॉर्म घेऊन बसलेल्या असायच्या. एकाच माणसाला चार ठिकाणी तीच कहाणी सांगावी लागायची आणि चौघांपैकी कुणालाच तो आपली जबाबदारी वाटायचा नाही. इथे सगळ्यांनी मिळून एक यादी केली, आकड्यांची नव्हे, नावांची. दर आठवड्याला टेबलाभोवती बसून एकेक नाव घ्यायचं: याचा कागद कुठे अडलाय, ही कुठल्या घराच्या तपासणीसाठी थांबली आहे, यासाठी कोण फोन करणार. घरमालकांशी बोलायला वेगळी माणसं नेमली. भाडेकरूविषयी तक्रार असली की कुणाला फोन करायचा हे घरमालकाला माहीत असणं, ही फार मोठी गोष्ट निघाली.

आणि तत्त्व धरलं ते 'आधी घर' हे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते कामात आणून दाखवलं. त्याआधी सगळीकडे पायऱ्या होत्या. आधी दारू सोड, औषधं घे, निवाऱ्यात नियमाने राहून दाखव, मग घराचं बघू. त्याने उलट केलं. आधी दाराला कुलूप असलेलं घर दिलं, अट फक्त इतर भाडेकरूंना असते तीच, आणि उपचार घराच्या दारी नेले. यावर माझे पुष्कळांशी वाद होतात. नुकतेच एका जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ म्हणाले, फुकटात घर दिलं तर माणूस सुधारेल कशाला? मी त्यांना विचारलं, तुम्ही मधुमेहाची गोळी कुठे ठेवता? फ्रीजमध्ये इन्सुलिन, कपाटात गोळ्या, भिंतीवर कॅलेंडर. पुलाखाली इन्सुलिन कुठे ठेवायचं? डॉक्टरांची वेळ लक्षात ठेवायला फोन चार्ज कुठे करायचा? रात्री चपला चोरीला जातील म्हणून जागं राहणाऱ्याने दारू कशाच्या जोरावर सोडायची? अलीकडे सरकारी धोरणात पुन्हा 'आधी सुधारा' असा सूर येऊ लागलाय. मला त्याची धास्ती वाटते, कारण निम्म्यावर आलेला तो आकडा 'आधी घर' म्हणणाऱ्या वर्षांतला आहे.

हे एकदा करून मोकळं होण्याचं कामही नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात व्हीएने ४७,९२५ बेघर माजी सैनिकांना कायमची घरं मिळवून दिली. एका रात्रीच्या मोजणीत सापडतात त्यापेक्षा जास्त. म्हणजे मागून नवे येत राहतात: कुणाचं लग्न मोडतं, कुणाचं भाडं वाढतं. स्त्रियाही आहेत त्यांत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणी मोजणीत येतच नाहीत, कारण पोरांना घेऊन त्या पुलाखाली जात नाहीत. मैत्रिणीच्या दिवाणखान्यात झोपतात.

सार्जंटला शेवटी घर मिळालं, शहराच्या वायव्येला, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. मालकीण स्वतः एका नौसैनिकाची विधवा. तिने सार्जंटच्या क्रेडिटची नोंद पाहिली, जुना हुकूम पाहिला आणि विचारलं, कुठल्या तुकडीत होतास? तेवढ्यावर काम झालं.

किल्ली मिळाली की लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. खरी काळजी मला त्याच्या पुढच्या महिन्यांची वाटते. सार्जंट पहिले काही आठवडे पलंगावर झोपलाच नाही. दाराला पाठ लावून, सतरंजीवर. पलंग आमच्याच एका मैत्रिणीने दिला होता, चांगला जाड गादीचा, त्यावर त्याने कपड्यांच्या घड्या मांडून ठेवल्या होत्या. आपल्या मराठी घरांतून सामान गोळा करायला गेलं की लोक हात आखडत नाहीत, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. टेबल, पडदे, पातेली, कुणीतरी न वापरलेला प्रेशर कुकरही दिला. सार्जंटने त्याची शिट्टी पहिल्यांदा ऐकली आणि गॅस बंद करून अंगणात जाऊन उभा राहिला. नंतर मी त्याला झाकण, शिट्टी, वाफ सगळं दाखवलं. तरी कुकर त्याने परत केला, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर सामान देताना आवाज करणाऱ्या वस्तू आधी विचारून द्यायच्या असं आम्ही ठरवलं.

गाडीत राहणाऱ्याला आजूबाजूला चार माणसं असतात, भांडणारी का असेनात. घरात भिंती. काही जण आठवड्यातून दोन रात्री परत पुलाखाली जाऊन बसतात, ओळखीच्यांशी बोलायला. काही जण त्या ओळखीच्यांना घरी घेऊन येतात, आवाज वाढतो, शेजारी तक्रार करतात आणि भाडेकरार मोडायची वेळ येते. इथे केस मॅनेजर लागतो. विजेचं बिल समजावायला, औषधाची आठवण करायला, मालकिणीचा फोन घ्यायला. एकेका केस मॅनेजरकडे इतकी घरं असतात की ज्याचं ठीक चाललंय त्याच्याकडे कुणी फिरकतच नाही, आणि तोच एक दिवस गप्प होतो. व्हाउचरांसाठी सरकार पैसा देतं, आज ती लाखाच्या वर आहेत. पण सोबतच्या माणसांच्या जागा भरायला मागेपुढे करतं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे.

नियमही कधी कसे आडवे येतात बघा. युद्धात शंभर टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकाला व्हीएकडून जी भरपाई मिळते, ती वर्षानुवर्षं उत्पन्न म्हणून धरली जायची. कमी उत्पन्नवाल्यांसाठी बांधलेल्या काही इमारतींची कमाल मर्यादा त्या भरपाईने ओलांडली जायची. म्हणजे जितका जास्त जखमी तितका घराला अपात्र. माजी सैनिकांसाठीच बांधलेल्या इमारतीतही. हा नियम बदलायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

आणि लॉस एंजेलिसचं तर मला बोलवत नाही. तिथल्या वेस्ट एलए भागात व्हीएची सुमारे ३८८ एकर जमीन आहे. मूळची जागा १८८८ मध्ये जॉन जोन्स आणि आर्केडिया बांदिनी दे बेकर यांनी अपंग सैनिकांच्या घरासाठी दान केलेली. तिथे एके काळी हजारो माजी सैनिक राहत होते. पुढे घरं बंद पडली, आणि जमिनीचे तुकडे एका विद्यापीठाच्या बेसबॉल मैदानाला, एका खाजगी शाळेच्या क्रीडासंकुलाला, वाहनतळाला भाड्याने गेले. कुंपणाबाहेर सॅन व्हिसेन्टे रस्त्यावर माजी सैनिक तंबू ठोकून राहत होते, तंबूंवर अमेरिकेचे झेंडे, आणि कुंपणाच्या आत त्यांच्यासाठी दान दिलेली जमीन. ते तंबू नोव्हेंबर २०२१ मध्ये हलवले. पहिला खटला २०११ चा, तडजोड २०१५ ची, बाराशे घरांचं आश्वासन. घरं वेळेवर झाली नाहीत. दुसरा खटला झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी आणखी १,८०० कायमची आणि ७५० तात्पुरती घरं बांधायचा आदेश दिला. कार्टर स्वतः व्हिएतनाममध्ये मरीन म्हणून लढलेले, खे सान्हला जखमी झालेले. सरकार त्यावर अपिलात गेलं. जमीन आहे, पैसा आहे, दानपत्र आहे, न्यायालयाचा आदेश आहे, तरी माणूस बाहेर. अशा ठिकाणी 'ही माणसं सुधारत नाहीत' हे वाक्य कुणी उच्चारलं तर मी ते ऐकून घेत नाही.

ह्यूस्टनला तशी फुकटची जमीन नाही. इथे घरं खाजगी मालकांची, म्हणून सगळं त्या 'हो'वर येतं. आणि ते मालक कोण? त्यांतले कितीतरी आपणच आहोत. इथल्या मराठी घरांत नोकरीची दहा-बारा वर्षं झाली की भाड्याने द्यायला एखादं टाउनहाउस घेतलेलं असतं. आमच्या ओळखीचे अण्णा, मूळचे सोलापूरकडचे, त्यांच्याकडे अशी दोन आहेत. दिवाळीच्या फराळाला भेटले तेव्हा मी त्यांना धरलंच.

"अगं, पण भाडं बुडवलं तर?"

"अण्णा, मोठा हिस्सा सरकारकडून थेट तुमच्या खात्यात येतो. मंदी आली, त्याची नोकरी गेली, तरी येतो. तुमच्या आत्ताच्या भाडेकरूचं तसं आहे का?"

"आणि घराची नासधूस?"

"अनामत असते. शिवाय केस मॅनेजरचा नंबर असतो. तुम्हाला भांडायला जावं लागत नाही."

"ते तपासणी-बिपासणी फार कटकटीची म्हणतात."

"धूर ओळखणारी यंत्रं चालू हवीत, खिडक्या उघडायला-लागायला हव्यात, जिन्याला कठडा हवा, गरम पाणी हवं. तुमच्या घरात हे नाही का?"

अण्णा गप्प झाले. मग काकूंनीच आतून विचारलं, तळमजल्याला शॉवर चालेल का, टब नको असेल ना त्यांना? पाठीचा त्रास असणाऱ्याला शॉवरच बरा, मी म्हटलं. अण्णांच्या टाउनहाउसची पहिली तपासणी झाली त्यात मागच्या खिडकीचा खटका आणि वरच्या मजल्यावरचं धुराचं यंत्र, अशा दोन त्रुटी निघाल्या. त्या त्यांनी त्याच शनिवारी दुरुस्त केल्या. फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि यादीत ज्या बाईंचं नाव वर आहे त्या हवाई दलात मेकॅनिक होत्या. शाळा जवळ आहे का, एवढंच त्यांनी विचारलंय.